दाटीत वाढलेली झाडं

झाडांच्या लहानपणाची आमच्या शेजारच्या काकांइतकी काळजी अख्ख्या देवासात कुणी केली नसेल. काका कारखान्यात सुतार होते. यंत्रं पाठवायला लागणारी चिडाच्या, म्हणजे पाइनच्या लाकडाची खोकी बनवत. फळी हातात आली की आधी तिचं टोक बघत. वाढीची वलयं रुंद दिसली की चेहरा पडायचा. "हे झाड लहानपणी एकटंच वाढलंय, भिया. शेजारी कुणी नाही, म्हणून भराभर फुगलं, वाटेल तिथे फांद्या फोडल्या. आता जिथे फांदी, तिथे गाठ." दाटीतलं झाड मात्र उजेडासाठी सरळ वर जातं, खालच्या फांद्या बारीक असतानाच गळतात आणि लाकूड घट्ट निघतं, हे त्यांनी मला लग्नाच्या पंगतीतसुद्धा ऐकवलं आहे.

एकदा गाठाळ फळ्यांची गाडी आली. साहेब म्हणाले, "चलेगा, लगा दो." काकांनी वाद घातला नाही. दोन विटांवर फळी ठेवली, चपला काढल्या आणि तिच्यावर उडी मारली. फळी बरोबर गाठीपाशी मोडली आणि काका जमिनीवर आदळले. तिथूनच म्हणाले, "साहब, मेरी जगह मशीन होती तो?" गाडी परत गेली. काका आठवडाभर लंगडत होते, पण मजेत.

पुढे टोंकखुर्दजवळच्या आपल्या शेताच्या कडेला त्यांनी सागाची रोपं लावली, दोन-दोन हातांवर. काकू म्हणाल्या, "अहो, झाडं लावलीत की मेथी पेरलीत?" पण दहा वर्षांत साग खरोखर काठीसारखे सरळ वाढले. आता मागे पडलेली झाडं काढायची होती, नाहीतर उरलेली जाड होणार नव्हती. काका तीन रविवार कुऱ्हाडीला धार लावून गेले आणि तसेच परत आले. "तीसुद्धा धडपडलीच की," एवढंच म्हणाले. शेवटी काकूंनीच पदर खोचून कुऱ्हाड हातात घेतली. त्या दिवशी काका बांधावर पाठ फिरवून बसले होते. आलेल्या वाशांचा त्यांनी काकूंना दोडक्याचा मांडव करून दिला. इतका देखणा, की वेल चढवायला काकूंचं मन होईना.

काका निवृत्त झाल्यावर एकदा मी त्या दोघांबरोबर शेतावर गेलो. काकू वर बघत म्हणाल्या, "याच्या फळ्या आपल्याला कुठल्या बघायला मिळतात!"

काकांनी एका खोडावरून तळवा फिरवला. "आपल्याला नाहीच. पण जो कुणी यावर रंधा मारेल ना, त्याचा हात कुठे अडणार नाही."