त्याचा सव्वीस हजारांचा रिफंड

परवा ऑफिसातून फॉर्म सोळा आला आणि ओझरच्या कारखान्यातलं कॅन्टीन आठवलं. मटकीच्या रश्शाचा वास, तेलकट टेबल, आणि रिटर्न भरण्याआधी मोबाईलवर रिफंडचा अंदाज काढत बसलेले आम्ही दोघं, मी आणि माझा एक सहकारी. आमची भरती एकाच दिवशीची, पगारही सारखाच. माझा रिफंड आला आठशे रुपये, त्याचा सव्वीस हजार. मला पुढचा घास जाईना. “खोट्या पावत्या कुठून आणल्यास रे?” मी टेबलावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. दोघंतिघं हसले, तो हसला नाही. हात धुताना नळापाशी तो हळूच म्हणाला, “पोरगी जन्मापासून अंथरुणावर आहे रे. तिच्या अपंगत्वाची सूट मिळते. इथे कोणाला कळू नये म्हणून ऑफिसात सांगितलं नव्हतं, त्यामुळे टॅक्स जास्त कापला गेला. तोच परत येईल.” मी नळ बंद केला. “तुझं काही सुटलंय का, बघू,” म्हणत त्याने पँटला हात पुसले आणि माझा फोन घेतला. मी तिथेच त्याची माफी मागितली. पण संध्याकाळी बसमध्ये त्याच्या शेजारी बसून नाशिकला येताना माझ्या डोक्यात त्याची मुलगी नव्हती, सव्वीस हजारच होते. आजही आम्ही भेटतो, मी तिची चौकशी करतो, पण त्या प्रवासाबद्दल मी त्याला अजून काही सांगितलेलं नाही.