सासऱ्याच्या पाठीवर सुनेचा पाय

बाबांची पाठ मी पहिल्यांदा नीट पाहिली ती त्यांना उसण भरल्यावर. तोवर ती रोज दिसत होतीच. पण नागपुरातल्या आमच्या विणकरांच्या मोहल्ल्यात, खड्ड्यात पाय सोडून मागावर बसलेल्या माणसाची पाठ म्हणजे घराची एक भिंतच. तिच्याकडे कोण बघतो? त्या दिवशी ते पालथे पडले होते आणि मी तेल चोळत होतो. मणक्याच्या दोन्ही बाजूंना दोरखंडासारखा पीळ. उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटे वर. कमरेपाशी मांस असे घट्ट की अंगठा रुतत नव्हता. चाळीस वर्षे प्रत्येक ठोक्याला ही पाठ पुढे गेली आणि मागे आली, आणि त्यातून आमचे घर चालले, मी मॅट्रिक झालो, कचेरीत कारकून झालो. देवळात गेल्यावर होते तसे काहीसे मला झाले. हात लावायलाही संकोच वाटू लागला.

स्वातंत्र्य मिळून सातआठ वर्षे झाली असतील. धाकट्या बहिणीचे लग्न पाच आठवड्यांवर आले होते आणि तिचे नऊवारी लुगडे मागावर अर्धे विणून झाले होते. जन्मभर बाबांनी दुसऱ्यांच्या लेकींसाठी विणले. आपली लेक आपल्या हातच्या लुगड्यात बोहल्यावर उभी राहील, हे त्यांनी साऱ्या मोहल्ल्याला सांगून ठेवले होते. शेजारी उरलेले विणून द्यायला तयार होते. बाबा नाही म्हणाले. प्रत्येकाच्या हाताचा ठोका वेगळा. दुसऱ्याचा हात लागला की ते बाजारातले लुगडे. पडल्या पडल्या ते एकच विचारत, "मी बसीन का गा मागावर?"

आईने होते नव्हते ते सारे केले. विटेचा शेक दिला, निरगुडीचा पाला तव्यावर गरम करून बांधला, लसूण-ओवा घालून कढवलेले तिळाचे तेल चोळायला लावले. मी धंतोलीतल्या डॉक्टरांचे नाव काढले, तर बाबा म्हणाले, "सुई टोचून उसण निघते का? कचेरीत जाऊन बाबू झाला तू, पाठ माही आहे."

तिसऱ्या दिवशी शेजारची काकू ओट्यावर टेकली आणि आईला म्हणाली, "पाल्यानं नाही जात वं हे. पायाळू पाह्य ना एखादा."

पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो. त्याचा पाय पाठीला लागला की उसण उतरते, ही आमच्याकडची पक्की समजूत. आमच्या गल्लीतला पायाळू म्हातारा आदल्या वर्षीच वारला होता. आई आठवू लागली, आणखी कोण आहे. आत माझी बायको कणीक मळत होती. तिचे हात थांबलेले मी पाहिले.

कारण ती पायाळू होती, आणि ते त्या घरात फक्त आम्हा दोघांना माहीत होते.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिने मला सांगितले होते. तिचे माहेर मौद्याकडचे, धानाच्या शेतांचे. रोवणीच्या दिवसांत कमरेतून मोडलेल्या बायका पहाटे तिच्या दारात ओळीने येत. पण पायाळूवर वीज पडते असाही एक समज आहे, म्हणून सासरी बोलू नको असे तिच्या आईने बजावले होते. मीही तेच बजावले. माझी लाज मात्र निराळी होती, आणि दुहेरी होती. कचेरीतल्या लोकांना कळले तर ते मला अडाणी ठरवतील, आणि गल्लीत कळले तर सुनेने सासऱ्याला लाथ मारली म्हणून हसतील. जी सून सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, थेट बोलतही नाही, ती त्यांच्या पाठीवर पाय ठेवणार! मी गप्प बसलो.

माझ्या गप्प बसण्याने काय झाले ते सांगतो. पाचव्या दिवशी रुळापलीकडून एक माणूस आणला. आखाड्यातला गडी, पायाळू म्हणवणारा. खरा होता की नाही, देव जाणे. त्याने टाच उचलून बाबांच्या कमरेवर तीन लाथा हाणल्या. तिसरीला बाबा असे ओरडले की गल्लीतले माग थांबले. मी उशाशी त्यांचे हात धरून उभा होतो. संध्याकाळी त्यांचा उजवा पाय बोटांपर्यंत बधिर झाला. बोटांकडे बघत ते म्हणाले, "बाप्पा, हा पाय माहाच आहे का?" पायाशिवाय मागाची पावडी दाबता येत नाही, हे त्यांनाही ठाऊक होते आणि मलाही.

दिवेलागणीला बायकोने मला मागच्या अंगणात गाठले.

"तुम्ही सांगता का मी सांगू?"

"लोक काय म्हणतील?"

"लोकं येऊन लुगडं विनून राहिले का?"

तरीही मी दोन दिवस घालवले. आठव्या दिवशी सकाळी तिनेच आईला सांगितले. आई उभी होती ती खाली बसली. "बाप्पा! आन् आतापर्यंत काहून नाही बोलली वं?"

बायकोने एकदा माझ्याकडे पाहिले. मग म्हणाली, "भेव वाटलं, आत्याबाई."

तेव्हा तरी मी तोंड उघडायला हवे होते. मी चुलीतले लाकूड पुढे सारले.

आईने बाबांना विचारले. त्यांनी उशीतून मान वळवली. मग कण्हतच म्हणाले, "सून लाथ मारते म्हनून सारे सासरे गावभर रडतात. मले बोलावून मारून घ्या लागते."

दुसऱ्या दिवशी उजाडताच, काही न खाता, जोडवी काढून ती आली. आधी तिने बाबांच्या पायांवर डोके ठेवले. इतका वेळ ठेवले की आईने तिला खांद्याला धरून उठवले. अंगाचा भार पडू नये म्हणून एका हाताने चौकट धरून तिने उजवा पाय त्यांच्या पाठीवर ठेवला. मी लाथेची वाट पाहत होतो. लाथ आलीच नाही. डोळे मिटून ती पाय हळूहळू सरकवत होती, आंधळा माणूस ओळखीची भिंत चाचपत जातो तसा. कमरेच्या जरा वर, डावीकडे, तो थांबला. मी आठ दिवस तेल चोळले होते, आणि ती जागा मला एकदाही सापडली नव्हती. ती थांबून राहिली. आम्हीही. बाबांनी श्वास सोडला तसा टाचेने हलका दाब दिला. श्वास घेतला, ती थांबली. पुन्हा सोडला, पुन्हा दाब. असे तीनदा. माझ्या हाताला दगड लागत होता ते मांस तिच्या भेगाळलेल्या, इवल्या टाचेखाली ढिले पडताना मी डोळ्यांनी पाहिले.

हे तिला कोणी शिकवले, असे मी नंतर विचारले. ती म्हणाली, कोणी नाही. श्वास धरलेल्या पाठीवर पाय दाबला की बायका ओरडायच्या, सोडलेल्यावर दाबला की झोपी जायच्या. नऊ-दहा वर्षांची असताना तिला हे उमगले होते. माझी बायको कोण आहे ते मला लग्नानंतर चार वर्षांनी कळले.

बाबा निपचित पडून होते. मग आईला म्हणाले, "उद्या पुन्हा येजो म्हना तिले."

तिचा पाय लागल्यापासून तिसऱ्या दिवशी ते स्वतः कुशीवर वळले. दहाव्या दिवशी बाजेवर बसले. बधिरपणा बोटाबोटाने उतरला. करंगळीत तेवढा कायम राहिला. पायाळूपणाने गुण आला, की शेकाने, की दिवस गेल्याने, हे मी आजही सांगू शकत नाही. कोणी पाठीवर लाथ मारून घ्यावी असे तर मुळीच सांगणार नाही. एका लाथेने काय होते ते मी पाहिले आहे. पण त्या सकाळी त्या खोलीत जे पाहिले, तसे त्यानंतर कुठे पाहिले नाही.

गल्ली हसलीच. पानठेल्यावर एकाने विचारले, "काहून गा बाबू, उशिरा घरी गेला तर तुलेही बसते का?" सगळे हसले, मीही हसलो. चार दिवसांत त्यांना दुसरा विषय मिळाला. ज्या हसण्यापायी मी बापाला आठ दिवस तसे पडू दिले, ते एवढेसे होते.

पुढे बाबा मागावर बसले. एकदम नाही, आधी घटकाभर, मग सकाळची वेळ. दुपारी बायको कमरेवर पाय ठेवून जाई. लग्नाला सहा दिवस उरले असताना लुगडे मागावरून उतरले. घडी घालायला दोन माणसे लागतात. एक टोक बाबांनी धरले, दुसरे मी. मधे नऊ वार ताणलेले, कोऱ्या सुताचा वास. बाबांचा चेहरा इतका निवांत होता की मला राहवले नाही. मी म्हणालो, "बाबा, ती पायाळू आहे हे मले पहिल्याच वर्षापासून माहीत होतं. बोलू नको म्हनून मीच सांगितलं होतं तिले."

त्यांनी कापड खाली पडू दिले नाही. माझ्याकडे पाहिले. राग असता तर बरे झाले असते.

"म्हंजे त्या पहिलवानाची लाथ तू मले खाऊ दिली," ते म्हणाले.

मी मान डोलावली. दारात बायको उभी होती, ती आत निघून गेली. बाबा एक एक पाऊल टाकत माझ्याकडे आले, उजवा पाय किंचित जपून. दोन्ही टोके जुळली तेव्हा त्यांच्या बोटांनी माझ्या हातातला काठ सारखा केला.

"नीट धर," ते म्हणाले. "घडी वाकडी होऊन राहिली."