लेकीच्या घरचे सदतीस दिवस

मेडशीच्या फाट्यावर मोटर थांबली तेव्हा बाने माझी पेटी स्वतः टपावर चढवली. तेव्हा त्याला दिसत होतं. माझ्या लग्नाला सहा महिनेही झाले नव्हते. आमचे मालक अकोल्याच्या एका जिनात, कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला लागले होते आणि मी त्यांच्या मागं निघाले होते. बा खिडकीशी आला आणि म्हणाला, "पाह्य यसोदे, तुले लेकरू होईस्तोवर मी तुह्या घरचं पानी बी पेनार नाई. राग नोको धरू." राग कशाचा? आमच्याकडं रीतच तशी. लेकीची कूस उजवल्याशिवाय बाप तिच्या घरी जेवत नाही. मी म्हटलं, "मंग दोन सालात येजो." दोन म्हणता म्हणता नऊ सालं गेली.

गावात मागं राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं गाव सोडून गेलेल्यांनो, तुम्ही एकमेकांना बोरं, हुरडा, आमराई असल्या गोड गोड आठवणी सांगत बसता. सांगा बापा, मी काही तुमचं तोंड धरत नाही. माझ्याकडं आहे ती कडू आहे. गिळवत असेल तर गिळा.

अकोल्यात मला सुख कमी नव्हतं. पत्र्याची का होईना खोली होती, गल्लीच्या तोंडाशी नळ होता, भोंगा झाला की निघायचं आणि भोंगा झाला की परतायचं. गावी नदीत झिरे खोदून वाटी-वाटीनं पाणी भरलेल्या बाईला नळाचं काय अप्रूप असतं ते मलाच माहीत. माझी बोलीसुद्धा हळूहळू शहरी झाली. तिकडं गावात माय वारली, मागोमाग बाचे डोळे गेले. सालदारी करणारा माणूस, डोळे गेल्यावर त्याला कोण ठेवतं? शेजारची सोनामावशी अर्धी भाकर द्यायची, तो तिचं सूत कातून द्यायचा. असं चाललं होतं.

मग ते पाण्यावाचूनचं साल आलं. ज्वारी गुडघ्याएवढी झाली आणि जळाली. ज्यांचे हातपाय धड होते ते खडी फोडायला गेले. जे आंधळे, लुळे, बिनवारशी होते, त्यांची यादी पटवाऱ्यानं केली आणि दर बाजारच्या दिवशी चावडीसमोर त्यांना रोख पैसे मिळू लागले. लोक त्याला खैरात म्हणत. यादीत बाचं नाव होतं. कायदा एवढाच, की माणूस गावातच राहिला पाहिजे. पंधरा दिवसांवर गाव सोडलं की नाव कटलं. कोतवालानं हे दवंडी देऊन सांगितलं होतं आणि बानं ते मलाही सांगितलं होतं, त्यामुळे माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

त्याच साली, नऊ वर्षांनी, मला मुलगा झाला. पत्र पोचल्या-पोचल्या बा कोणाचा तरी हात धरून मोटरीत बसला आणि आला. उंबऱ्यात उभ्या-उभ्याच म्हणाला, "आन पानी." मी तांब्या दिला. त्यानं तो अख्खा रिचवला आणि रडला. मीही रडले. तो दिवस चांगला होता, हे मी नाकारत नाही.

चौदाव्या दिवशी तो म्हणाला, "यसोदे, मले धाड. नाव कटन." त्याच आठवड्यात मी पुन्हा जिनात जायला लागले होते. बा पाळण्याची दोरी धरून दिवसभर बसायचा, पोरगं रडलं की गायचा, भुकेचं रडणं त्याला बरोबर कळायचं. मला फुकटचा राखणदार मिळाला होता. खरं तेच सांगते. लोकांना मी म्हणायचे, बापाची हौस आहे, नातवाजवळ राहू दे. त्याला म्हटलं, "कागदाले काय होते? चार दिवस इकडं-तिकडं कोन मोजते?" तो रोज विचारायचा, मी रोज हेच सांगायचे.

त्या साली कापूसच कमी. जीन लवकर बंद पडलं आणि आम्ही दोघंही घरी बसलो. मग पोराला सांभाळायला मी होतेच. मालक ताटावरून उठता-उठता म्हणाले, "बुढ्याले अजून किती रोज ठेवाचं हाय?" बा तिथंच बसला होता. आंधळा होता, बहिरा नव्हता. शेवटचे आठ दिवस आम्ही पातळ आंबील पीत होतो, आणि त्यातही त्याच्या वाटीत पाणी जास्त असायचं. ती वाटी मीच भरायचे. सदतिसाव्या दिवशी त्याला मोटरीत बसवून दिलं.

नाव कटलंच होतं. पण तेवढ्यावर थांबलं नाही. पटवाऱ्यानं चावडीवर चौघांत विचारलं, इतके दिवस कुठं होतास? आता दुसरा कोणी शहाणा असता तर म्हणाला असता, दवाखान्यात पडलो होतो. आमचा बा छाती काढून म्हणाला, "लेकीकडं होतो. दोन टाइम जेवलो. खिचडीवर तुपाची धार होती साहेब, नाई म्हनलं तरी वाढे." तूप! माझ्या घरात तुपाचं भांडंच नव्हतं. पण लेकीच्या घरी पहिल्यांदा जेवून आलेला बाप गावात दुसरं काय सांगणार? पोरीनं पाणचट आंबील पाजली असं सांगितलं तर पोरीचं नाक कापलं जातं. म्हणून त्यानं तूप वाढून घेतलं. पटवाऱ्यानं लिहिलं, मुलगी सुस्थितीत, बापास पोसते, मदतीची गरज नाही.

महिन्याभरानं सोनामावशीनं कोणाकडून तरी कार्ड लिहून घेतलं. 'तुहा बाप उपाशी हाय. माह्याजवळ बी काई नाई. ये.' मी पोराला मालकांजवळ ठेवून गेले. बा भिंतीला टेकून बसला होता, गालांची नुसती हाडं राहिली होती. मला वाटलं होतं, पाटलाच्या पाया पडावं, काम होईल. पाटील काही राक्षस नव्हता. जांभई देत म्हणाला, "बाई, कागदावर तू त्याले पोसतं. पोसत नसशीन तं तसं सर्व्याइच्या समोर सांग आन अंगठा दे. बस." म्हटलं, मी सांगते, पण बाला घरी बसू द्या. तर म्हणे, ज्याचा अर्ज त्यानं हजर पाहिजे.

मग मी बाजारच्या दिवशी, चावडीसमोर, भरल्या गर्दीत सांगितलं. मी याला पोसत नाही. पोसणारही नाही. माझ्या घरात याला जागा नाही. पटवाऱ्यानं मान वर न करता विचारलं, "आन ते तुपाचं?" मी म्हटलं, "तूप नोयतं. खोटं बोलला तो." मागं कोणीतरी फिदीफिदी हसलं. "बुढा आंधया हाय, त्याले पान्यात तूप दिसलं असन," असंही कोणी म्हणालं. मी अंगठा दिला. बा खाली मान घालून स्वतःची बोटं चाचपत होता.

घरी येताना मी त्याचा हात धरला होता. म्हटलं, "बा, कागदासाठी बोलली मी. मनावर नोको घेऊ." तो चालता-चालता म्हणाला, "खोटं असतं तं मी हासलो असतो, यसोदे. तू खरं बोलली." काय सांगणार होते? चल माझ्याबरोबर, असं? ते त्या वाटेवरही माझ्या जिभेवर आलं नाही.

नाव पुन्हा चढलं. पाटलानं मी निघताना बजावलं, आता गाठोडं घेऊन बापाच्या दारात दिसू नको, कोणी तक्रारीचा अर्ज केला तर नाव पुन्हा कटेल आणि मग मी हात लावणार नाही. गावात असे अर्ज करणाऱ्यांची कमी नव्हती. म्हणून मी गेले नाही. पोळ्याच्या सुमारास जीन चालू व्हायच्या आधी मालकांना हमालीचं काम लागलं होतं, तेव्हा दोन पायल्या तांदूळ आणि एका वाटीत खरंखुरं तूप घेऊन मी फाट्यापर्यंत गेले. सोनामावशीला तिथंच बोलावून घेतलं. म्हटलं, "माहं नाव घेऊ नोको. पाटलाघरून आलं म्हन." माझ्या हातचं समजलं असतं तर नाव कटायच्या भीतीनं त्यानं तोंडाला लावलं नसतं. की माझी भीती निराळीच होती, ते मी तपासून पाहिलं नाही.

पुढच्या खेपेला मावशीला विचारलं, जेवला का? "पोटभर जेवला माय. बोटं चाटली. हात जोडून पाटलाच्या लेकराबायाइले आशीर्वाद देल्ला." म्हटलं, "माहं काई इचारलं?" मावशी पदराचा काठ चाचपत म्हणाली, "नाई वो."

पुढं बा गेला. निरोप मिळेस्तोवर राखही सावडून झाली होती, लोकांनीच सगळं केलं. आता आमच्या गल्लीत नवीन सुना येतात, दुपारी नळाजवळ बसून माहेरच्या गोष्टी काढतात आणि मलाही विचारतात, "काकू, तुमच्या माहेरी कोन हाय?" मी सांगते, कोणी नाही, कोणी नव्हतंच. भरल्या चावडीत बापाला त्याच्या समोरच एकदा नाकारून झालंय. पोरींना सांगताना आता जीभ अडत नाही.