रोज चार शो मरणारा पहारेकरी

नवा गेम सुरू झाला की भिया रिमोट मांडीवर ठेवायचे, हाताची घडी घालायचे आणि नुसते बघत बसायचे. पडद्यावर हीरो बंदूक घेऊन ताटकळत उभा. मागच्या खुर्च्यांवरची पोरं वैतागायची. "भिया, मारो ना यार! सो गए क्या?"

भिया मान न वळवता म्हणायचे, "रुक ना. आधी बघून तर घे."

मल्हारगंजात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं गेम पार्लर होतं. तीन टीव्ही, एक खडखडणारा कूलर, प्लास्टिकच्या खुर्च्या. वयाने ते माझ्या वडिलांपेक्षा मोठे, पण सगळी गल्ली त्यांना भियाच, म्हणजे भाऊच म्हणायची, म्हणून मीही.

त्यांच्या शेजारी थोडा वेळ बसला असतात, तर एक गोष्ट तुमच्याही लक्षात आली असती. कुठलाही गेम असो, दर थोड्या वेळाने त्यांची नजर पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात जाऊन यायची. पार्लरच्या आधी ते एका टॉकीजमध्ये सिनेमा दाखवायची मशीन चालवायचे. रीळ संपायला आलं की त्या कोपऱ्यात क्षणभर एक छोटा गोल चमकतो, असं त्यांनी मला सांगितलं होतं. "गोल दिसला की दुसरी मशीन सुरू करायची, बेटा. पुढचं रीळ तयार पाहिजे. पब्लिकला पताही नाही लागायला पाहिजे." टॉकीज बंद पडली, मशीन भंगारात गेली. नजर मात्र अजून ड्यूटीवर होती.

मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. वडील सियागंजच्या बाजारात हमाली करतात. आमच्यापैकी कुणाचं नाव छापून आलं असेल तर ते रेशन कार्डावर. म्हणून कॉलेजच्या अंकासाठी मॅडमनी मला एका गेमचं परीक्षण लिहायला सांगितलं, तेव्हा मला दोन दिवस नीट जेवण गेलं नाही. गेम हेरगिरीचा होता, एका जुन्या मारधाडीच्या सिनेमावरून केलेला. सोमवारी लेख द्यायचा होता.

मी एक लबाडी केली. गेम अर्धा तास खेळले आणि सिनेमा मोबाईलवर पूर्ण बघितला. गोष्ट तर तीच, असं मनाला समजावलं. मग लेख घेऊन भियांकडे गेले. मराठी ते सावकाश, ओठ हलवत वाचायचे. शेवटच्या परिच्छेदाशी थांबले.

"पूल तुटतो आणि हीरो नदीत उडी मारतो. असं लिहिलंस तू?"

"हो."

"कुठल्या बटणाने मारलीस उडी?"

मागची पोरं खो खो हसली. मी म्हणाले, "भिया, सिनेमात तर..."

"सिनेमा मी चालवलाय, बेटा. रोज चार शो. मी गेमचं विचारतोय."

पण ते रागावले नाहीत. शनिवार-रविवार दुपारभर मधला टीव्ही त्यांनी माझ्यासाठी मोकळा ठेवला. अट एकच, पहिल्यांदा खेळताना गोळी मारायची नाही.

"भिया, फिर काहे का जासूस?" एका पोराने विचारलं.

"जासूस बघतो," भिया म्हणाले. "मारायला तर कोणीपण मारतं."

तुम्ही असा गेम गोळी न मारता खेळून बघा. शनिवारी मी सतरा वेळा पकडले गेले. रविवारी गेममधल्या हॉटेलच्या भटारखान्यामागच्या बोळात पोचले आणि पिठाच्या पोत्यांमागे दडून बसले. समोर स्टुलावर एक पहारेकरी. सिनेमात हा माणूस दोन सेकंद दिसतो. हीरो मागून येतो, मान मोडतो, पुढे जातो. मलाही तो आठवत नव्हता.

इथे तो बूट काढून झटकत होता. आतून खडा पडला. मग तो गुणगुणायला लागला. जांभई दिली. घड्याळ बघितलं. मी बघत राहिले. हे सगळं कुणीतरी बनवलं होतं. बहुतेक खेळणारे त्याला मारून पुढे जाणार, हे माहीत असूनही त्याच्या बुटात खडा ठेवला होता. थोड्या वेळाने घंटा वाजली. त्याने स्टुलाखालचा डबा उचलला आणि मागच्या दाराने बाहेर पडला.

माझ्यामागे खुर्ची सरकली. भिया उभे होते.

"हा घरी चालला," ते म्हणाले.

कूलर खडखडत होता. भिया पडद्यावरच्या त्या बंद दाराकडे बघत होते. "रोज चार शो मरायचा हा. मी वरून बघायचो. मशीन माझ्या हातात, पण त्याला वाचवू नव्हतो शकत." मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "आज गेला बघ घरी."

मी लेख फाडून नवा लिहिला. त्यात पूल नव्हता. पहारेकरी होता, त्याचा बूट होता, आणि शेवटी एक वाक्य होतं: गेमच्या शेवटापर्यंत मी अजून पोचलेले नाही, त्यामुळे पूल तुटतो की नाही, मला माहीत नाही. सोमवारी मॅडमनी ते वाक्य दोनदा वाचलं. छापत नाहीत आता, असं मला वाटलं.

"शेवट न बघता परीक्षण?" त्या म्हणाल्या. "आणि हे खड्याचं खरं आहे?"

"हो मॅडम. मी बघितलंय."

त्यांनी कागद फायलीत ठेवला.

अंक यायला काही महिने गेले. तो घेऊन मी धावत पार्लरवर गेले, तर भिया टीव्ही गोधड्यांत गुंडाळत होते. त्यांची मुलगी त्यांना खंडव्याला बोलावत होती, कायमचं. मी अंक पुढे केला. आता भिया काय म्हणतील याची मी वाट बघत उभी राहिले.

"रुक ना," ते हसले. "आधी बघून तर घेऊ दे."

दुसऱ्या दिवशी शटर बंद होतं. शेजारच्या पोहेवाल्याने मला हाक मारली आणि गल्ल्याखालून अंक काढून दिला. "भिया दे गए हैं तेरे लिए."

मी माझं पान उघडलं. शाबासकी नव्हती, सही नव्हती. वरच्या उजव्या कोपऱ्यात बॉलपेनने काढलेला एक छोटा गोल होता.