कोंबडी कोण उठवणार

मंगळवारी सकाळी माझी थोरली बहीण, अक्का, परड्यात पडली आणि वारली. ती कोंबडी उठवायला गेली होती. तिच्या मुलाचा, संदीपचा, मला सांगलीला फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या ग्रंथालयाचं कुलूप काढत होते. "मावशी, आई गेली," एवढंच तो म्हणाला. मी कुलूप पुन्हा लावलं आणि स्टँडवर गेले.

रहिमतपूरजवळच्या त्या गावात अक्का लग्न होऊन गेली तेव्हा घरामागच्या परड्यात उकिरडा होता आणि घाणेरीची झुडपं. तिनं ते स्वतः खणलं. वांगी, गवार, मेथीचे वाफे, कडेला दोडक्याचा मांडव. कोंबड्यांनी रोपं उकरू नयेत म्हणून जुन्या साड्यांचं कुंपण. पिल्लांना मात्र आत मोकळीक. कोंबडीचा पाय सुतळीनं बाहेरच्या खुंटीला बांधायचा, मग पिल्लं तिच्या आवाजाच्या टप्प्यात राहून मेथीतले किडे टिपत हिंडायची. घार फिरू लागली की कोंबडी कलकलाट करायची आणि अक्का हातातली पळी घेऊन स्वयंपाकघरातून धावायची. दाजी, तिचे यजमान, फौजेतून निवृत्त झालेले. ते ओट्यावर बसून म्हणायचे, "आमच्या बॉर्डरवर एवढा बंदोबस्त नव्हता." ती म्हणायची, "म्हणून तर तुमाला पेन्शन हाय, मला न्हाई." ओट्यावरून मात्र कुणी उठायचं नाही.

एखादी कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी घालायची थांबून नुसतीच बसून राहू लागली, की अक्काचं वेळापत्रक बदलायचं. पाटीत राख, वर गवत, त्यावर पारखून घेतलेली अंडी, आणि ढग गडगडले तर ती बिघडू नयेत म्हणून कडेला एक लोखंडी खिळा. मग पिल्लं निघेपर्यंत तीन आठवडे रोज सकाळी कोंबडीला पाटीतून उचलून बाहेर ठेवायचं. ती दाणे टिपते, पाणी पिते, मातीत अंग घुसळते आणि आपणहून परत जाऊन बसते. उठवली नाही तर एखादी उपाशीच बसून राहते. याबाबत अक्काचा एक नियम होता, तिच्या सासूकडून आलेला. ज्या हातानं बसवली त्याच हातानं उठवायची. दुसरा हात लागला की अंडी नासली.

या नियमाचा मला राग आहे. त्याहून जास्त राग त्या घराचा आहे, कारण त्यांना तो फार सोयीचा पडला. अक्काच्या हाताला गुण आहे, असं सगळे म्हणायचे. संदीप गावरान अंड्यांचे फोटो मोबाइलवर स्टेटसला ठेवायचा, साहेबांना अंडी नेऊन द्यायचा, आणि आईला ताप आला तरी खुराड्याकडे फिरकायचा नाही. विचारलं तर म्हणायचा, "आमी हात लावला तर आई शिव्या देती." देत होती, खरंच. त्या घरात जमिनीचं, पैशाचं, लग्नाकार्याचं काही ठरवताना तिला कुणी विचारत नव्हतं. कोंबड्यांचं तेवढं तिच्या शब्दाबाहेर नव्हतं. मग तो शब्द ती कशाला सोडेल...

साताऱ्याच्या डॉक्टरांनी तिच्या हृदयाच्या दोन नळ्या बंद असल्याचं सांगितलं, तेव्हा मी बरोबर होते. "मावशी, याच आठवड्यात दाखल व्हा," ते अक्काला म्हणाले. अक्का म्हणाली, "घरी एक कोंबडी बसलीय. पिल्लं निघू देत, मग येते." डॉक्टरांना ती चेष्टा वाटली. परतताना बसमध्ये मी म्हणाले, मी रजा काढून येते, कोंबडीचं मी बघते. ती हसली.

"तुझ्या हाताला ती उठंल व्हय? पुस्तक न्हाई ते, उघडलं आन् मिटलं."

"नाही उठली तर नाही उठली. अंडी गेली तर गेली."

"बसलेली कोंबडी म्हंजी बाळंतीण असती गं. तिला आशी टाकून जायचं?"

संध्याकाळी घरी पोचल्यावर मी हेच दाजींपुढे काढलं. ते म्हणाले, "तिच्या कोंबड्यांत आमी कशाला पडू? तीन आठवड्यांचा तर प्रश्न हाय." संदीप आणि त्याची बायको रूपाली तिथंच होती. कुणी म्हणालं नाही की आई, तू जा, आम्ही बघतो. अक्का एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. मग ती भाकरी थापायला आत गेली.

पिल्लं निघायला आठवडा राहिला असताना ती गेली.

त्या दिवशी पुरुष स्मशानात गेल्यावर बायका सोप्यात बसल्या होत्या. मी मागं गेले. वाफ्याजवळ मक्याचे दाणे सांडले होते, ताटली पालथी पडली होती. खुराड्यात कोंबडी तशीच बसलेली. मी दोन्ही हात घालून तिला उचललं. तिनं मनगटावर टोचलं, दोनदा. खाली ठेवल्यावर जरा वेळ उभी राहिली, मग सांडलेले दाणे टिपू लागली. पाणी प्याली. मातीत लोळली. आणि चालत जाऊन, पोटाखाली अंडी सारून, परत बसली. एवढंच होतं ते. एक कप चहा पिण्याएवढं काम. मला रडू तेव्हा आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं.

मी तिथं राहिले आणि रोज उठवत गेले. पिल्लं निघाली. एक अंडं तेवढं पाणी झालेलं होतं. बायका म्हणाल्या, अक्कानं जाता जाता लेकरं ठेवली. तिनं ठेवलेली नव्हती. कोंबडी बसली होती आणि तिला कुणीतरी उठवलं होतं.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवले. कावळे झाडावर होते, खाली येईनात. दाजींनी हात जोडून काहीबाही कबूल केलं. तरी नाही. मग संदीप पुढं झाला. "आई, कोंबड्यांची काळजी करू नको. आमी बघतो." कावळा उतरला. माणसं हळहळली, कुणी डोळे पुसले. मी नदीकडे तोंड फिरवून उभी राहिले. हेच वाक्य त्या संध्याकाळी घरात बोलायला त्याला काय झालं होतं? कावळ्याला ऐकवता आलं, आईला नाही.

गेल्या आठवड्यात रूपालीचा फोन आला. "मावशी, आनकी एक खुडूक झालीया. मी बसवली, पर उठवायला कसं व्हायचं? तुमी कवा येताय? अक्कांसारखा तुमच्या हाताला बी गुण हाय."

"फोन ठेव आणि दोन्ही हात घालून उचल," मी म्हणाले.

"टोचती की वं."

"टोचू दे."

थोड्या वेळानं तिचाच फोन आला. उठली म्हणाली. खाल्लं म्हणाली, परत बसली म्हणाली. आवाजात नवल होतं.

आता रूपाली रोज सकाळी कोंबडी उठवते. संदीप वांग्यांना पाणी घालतो. दाजी घारीकडे लक्ष ठेवतात. सगळं होतं आहे. अक्का नाही.