टाकीत फक्त आबांचा हात

इरा, निषाद,

तुमच्या आजीने आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं आणि घरात कधी अंगारा येऊ दिला नाही. माझ्या वडिलांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा नवस, उतारे, भूतखेत सगळं उंबऱ्याबाहेर गेलं, ते परत आलं नाही. वर्तमानपत्राच्या या सदरातले वाचकांचे भुताखेतांचे अनुभव मी वाचायचे ते शुद्धलेखनाच्या चुका काढायला. आज त्याच सदरात लिहिते आहे... कारण व्हिडिओ कॉलवर हे मला सांगता आलं नसतं.

घर तुमच्या ओळखीचं. बदलापूर पश्चिम, मांजर्ली, तिसरा मजला. हॉलमध्ये तुमच्या आबांची चार फुटी खाऱ्या पाण्याची टाकी. अंबरनाथच्या कारखान्यातून रिटायर झाल्यावर त्यांनी ती मांडली, आतले दगड स्वतः रचले आणि एक नियम केला – टाकीत त्यांच्याशिवाय कुणाचा हात जाणार नाही. "तुझ्या हाताला साबण असतो, क्रीम असतं," म्हणायचे. अकरा वर्षांत मी त्या पाण्याला बोट लावलं नाही.

स्ट्रोकनंतर आबांची उजवी बाजू गेली, वाचा गेली. पलंग टाकीसमोर लावला, पाच पावलांवर. टाकीत दोन क्लाउनफिश होते, मोठी राणी आणि लहान छोटू. मी वरून दाणे टाकायचे, मासे खायला वर यायचे आणि ते बघताना आबा तोंड उघडायचे. तेवढ्यात चमचा द्यायचा. चार महिने आमचं जेवण असंच चाललं.

मग राणी मेली. छोटू कपारीत शिरून बसला, खाईना. त्याच दिवशी आबांनी ओठ मिटले.

"बाई, मासा हाय तो," आबांना सांभाळायला येणाऱ्या मालूताई म्हणाल्या. "माणसाचं जेवान त्याच्यावर असतं काय? तुमी शिकलेल्या ना?"

मीही स्वतःला तेच सांगत होते. पण तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत तोंडाने काही गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. आबांच्या मोठ्या भावाला ती नळी होती. ते उपसून काढायचे म्हणून त्यांचे हात पलंगाला बांधले होते. ते पाहून घरी येताना आबांनी माझ्याकडून शब्द घेतला होता – माझं हे होऊ देऊ नकोस.

चौथ्या दिवशी सकाळी मालूताईंना बसवून मी उल्हासनगरला गेले, आबांच्या नेहमीच्या दुकानात. दुकानदार सिंधी, आबांना गुरू मानणारा.

"आंटी, अंकल खुद नहीं आये?"

"आजारी आहेत. क्लाउनफिश हवाय. आजच सोडायचाय."

"आजच? अंकल तो महिनाभर अलग रखते थे. मलाच ओरडायचे." त्याने एक लहानसा मासा पिशवीत भरला. "छोटाच न्या. और पत्थर जरूर हिलाना, आंटी. पुराना किरायेदार नये को घुसने नहीं देता. घरच बदललं की दोघं पण नवीन."

आबांच्या टाकीच्या वहीतही तेच होतं, नंबर घालून. पिशवी टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवणे. मग मासा भांड्यात घेऊन बारीक नळीने टाकीचं पाणी थेंबथेंब देणे. ते सगळं मी केलं, घड्याळ लावून. महिनाभर वेगळं ठेवायला माझ्याकडे महिना नव्हता. राहिले दगड. मी तीनदा नुसत्या पाण्याने हात धुतले, स्टुलावर चढले... आणि उतरले. ती रचना त्यांची होती. मी ती मोडली तर ते आता उठणार नाहीत हे मीच ठरवल्यासारखं झालं असतं. दगड न हलवताच मी मासा सोडला.

छोटू कपारीतून बाणासारखा आला. दुपारी एक वाजेपर्यंत नव्याची शेपटी फाटली होती आणि तो काचेच्या कोपऱ्याला चिकटून धापा टाकत होता. मालूताई घरी गेल्या. मी पेजेची वाटी घेऊन आबांजवळ बसले. "एक चमचा. फक्त एक, माझ्यासाठी." त्यांनी डोळे मिटून घेतले. पेज हनुवटीवरून ओघळली. मी पुसली, परत भरवली, परत पुसली... किती वेळा ते आठवत नाही.

दोनच्या सुमारास लाइट गेली. टाकीचा हवेचा पंप बंद पडला. सेलवर चालणारा छोटा पंप काढला तर सेल संपलेले. आबांना एकटं सोडून मी कधी गेले नव्हते. पलंगाचे कठडे वर केले, बाहेरून कुलूप लावलं आणि सेल आणायला खाली दुकानात धावले. पंधरा मिनिटं लागली असतील.

परत येऊन कुलूप उघडलं. लाइट आलेली नव्हती. टाकीतलं पाणी गढूळ होतं, वाळू अजून खाली बसत होती. डावीकडचा मोठा दगड उजवीकडे होता, कपारीचं तोंड भिंतीकडून हॉलकडे फिरलं होतं. दोन्ही मासे त्या नव्या कपारीत शेजारी शेजारी थांबले होते.

फरशी कोरडी होती. कठडे वर होते. आबा मी निजवलं होतं तसेच उताणे होते, डोळे उघडे. त्यांच्या उजव्या हाताची – चार महिने न हललेल्या हाताची – बाही कोपरापर्यंत ओली होती. नखांत पांढरी वाळू. मी ती बाही ओठांना लावून पाहिली. खारट.

"तुम्ही उठला होतात?"

ते टाकीकडे बघत राहिले. मी दाणे टाकले. छोटू वर आला, मागून नवा आला. आणि आबांनी तोंड उघडलं. सात चमचे पेज गेली. संध्याकाळी डॉक्टर आले, नळी त्यांच्या बॅगेतच राहिली.

मी सगळे विचार करून पाहिले. बोटाएवढा मासा दगड हलवत नाही. किल्ली माझ्या मुठीत होती. मग हताश होऊन मीच हे केलं आणि विसरले? पण माझ्या बाह्या कोरड्या होत्या.

त्यानंतर सत्तावीस दिवस आबा तोंडाने जेवले. तुम्ही येऊन भेटलात ते त्याच दिवसांत. गेले तेव्हाही नाकात नळी नव्हती, हात मोकळे होते.

इरा, निघताना आबांचा उजवा हात हातात घेऊन तू विचारलंस, "आजी, आबांच्या नखात वाळू कशी?" मी म्हटलं, जुनी राहिली असेल कुठली तरी... आणि विषय बदलला.

बाळा, आबांची नखं मी दर रविवारी कापायचे. तू विचारलंस तो सोमवार होता.