पुट्टी वाळायला चौदा दिवस

काचवाला अठ्ठावीस वर्षं लोकांच्या खिडक्यांना काचा बसवत होता आणि गेले दहा महिने युद्ध लढत होता. युद्ध त्याच्या घरापासून तीन देश ओलांडून पलीकडे चाललं होतं, पण त्यामुळे काही अडत नव्हतं. खिशात फोन होता, फोनमध्ये 'आघाडीवरून' नावाचा गट होता आणि गटात अकरा हजार माणसं होती. त्यातल्या बहुतेकांनी आयुष्यात बंदूक हातात धरलेली नव्हती, पण सेनापती नेमका कुठे चुकला हे मात्र एकूण एक जणाला ठाऊक होतं.

त्याला या गटात ओढलं मेहुण्याने. बायकोचा धाकटा भाऊ, वरच्या मजल्यावर राहणारा, बस डेपोत वेळापत्रक लावायच्या कामावर. बसगाड्या वेळेवर सुटत नसत, पण सैन्याने किती वाजता कुठून निघायला हवं होतं हे तो मिनिटावर सांगे. तो एका बाजूचा कट्टर होता. का, ते विचारायची सोय नव्हती. विचारलं की दीड तास गेलाच म्हणून समजा. काचवाला सुरुवातीला कुठल्याच बाजूचा नव्हता. सगळे भांडताना बघायला त्याला मजा वाटायची, एवढंच.

मग एक दिवस त्या लढाईच्या गावातला म्हणून एक व्हिडिओ आला. धूर, पळापळ, आरडाओरडा. गटात दोन्ही पक्षांची जुंपली. काचवाला तेव्हा एका दुकानासमोर शिडीवर उभा होता. त्याने सहज लिहिलं, "मागच्या घराला सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या आहेत. त्या गावाचे आजवर जे फोटो पाहिले त्यांत सगळीकडे लाकडी चौकटी आणि सहा-सहा तावदानं आहेत. हे गाव ते नव्हे." दोन तासांत कोणीतरी शोधून काढलं की व्हिडिओ खरोखरच भलत्या देशातला, सात वर्षं जुना. झालं! गटाने काचवाल्याला डोक्यावर घेतलं. त्याच्या नावापुढे 'विश्लेषक' असा हिरवा शिक्का आला आणि लोक त्याला 'सर' म्हणू लागले.

आता, ज्या माणसाला जन्मभर "ओ काचवाले, जरा लवकर आटपा" एवढंच ऐकायची सवय, त्याला दिवसातून चाळीस वेळा कोणी 'सर' म्हटलं तर काय होईल? त्याला आकाश ठेंगणं झालं. तो आरशाची ऑर्डर घेतानाही आरशात बघून हनुवटी वर करू लागला. दातांच्या डॉक्टरांच्या न्हाणीघराची खिडकी मापताना तो तोफांवर वाद घालत होता, आणि वहीत खिडकीच्या रुंदीच्या जागी त्याने तोफेच्या नळीचं माप लिहून ठेवलं. एकशे पंचावन्न मिलिमीटर. काच बसवायला गेला तेव्हा ती खिडकीच्या पावपट भरली. डॉक्टर म्हणाले, "ही काच की पट्टी?" काचवाला म्हणाला, "माफ करा, जरा धावपळीत होतो." धावपळ कसली होती ते सांगायचं त्याने टाळलं.

घरी जेवणाच्या टेबलावर मिठाची बरणी म्हणजे किल्ला, चमचे म्हणजे नदी. तो आणि मेहुणा मिळून पाण्याचे पेले पुढेमागे सरकवत.

"भाऊजी, ही नदी ओलांडली की खेळ खलास," मेहुणा म्हणे.

"ओलांडतील कशी? पूल कुठाय?"

"किल्ला इकडे द्या," बायको म्हणे. "मला भाजीत घालायचाय."

बायको औषधांच्या दुकानात काउंटरवर बसायची. दिवसभर माणसांची दुखणी ऐकून आल्यावर तिला घरी दुसऱ्यांचं युद्ध नको असे. तिने नियमच केला होता की जेवताना युद्धविराम. तो दोन घास टिकायचा.

अशात एका सकाळी गटात एक फोटो आला. टाकणारी एक नर्स होती, युद्धाच्या देशाबाहेर राहणारी, पण माहेर त्या लढाईच्या गावातलं. खाली लिहिलं होतं, "गावाकडून आजच आला. आमचं घर शाबूत आहे!" स्वयंपाकघरातून काढलेला फोटो. सहा तावदानांची खिडकी, कुंडी, पलीकडे रस्ता, समोरच्या घराचं उडालेलं छप्पर. सगळी तावदानं धड होती. एका पक्षाने लगेच नाचायला सुरुवात केली की बघा, गाव सुरक्षित आहे. मेहुण्याचा पक्ष खवळला. वरच्या मजल्यावरून मेहुण्याचा मेसेज आला, "भाऊजी, आता तुम्हीच. सगळे तुमची वाट बघताहेत."

सगळे वाट बघताहेत! काचवाला पुन्हा शिडीवर होता, एका हातात काच कापायचा हिरा, दुसऱ्या हातात फोन. त्याने फोटोवर नजर फिरवली, ती नेमकी रस्त्यावर आणि त्या उडालेल्या छपरावर. आणि अंगठ्याने ठोकून दिलं, "समोरच्या घरावर एवढा स्फोट झाल्यावर या खिडकीत एक काच शिल्लक राहणं अशक्य. खिडकी जुन्या फोटोतली, बाहेरचं दृश्य जोडलेलं. फोटो बनावट. मी अठ्ठावीस वर्षं काचेत आहे."

दुपारपर्यंत दोन हजार अंगठे वर झाले. काचवाला शीळ घालत घरी आला. बायकोने विचारलं, "काय हो, लॉटरी लागली?" तर म्हणे, "त्याहून मोठं आहे."

चहा ओतला, एवढ्यात नर्सचा मेसेज आला. गटात नाही, त्याला एकट्याला.

"सर, पाच दिवस आईचा फोन लागत नाहीये. शेजाऱ्यांच्या नंबरवरून फक्त हा फोटो आला, खाली लिहिलंय आई बरी आहे. शेजारी आता उत्तर देत नाहीत. तुम्ही म्हणता फोटो बनावट आहे. मग तो पाठवला कोणी आणि का? मला बरं वाटावं म्हणून? सर, माझी आई आहे ना?"

काचवाल्याने मेसेज दोनदा वाचला. चहावर साय धरली तरी त्याने कप उचलला नाही. बायकोने त्याच्या हातातून फोन घेतला, वाचला आणि परत त्याच्या हातात ठेवला.

"अहो, तुम्ही नीट बघितलं होतंत ना?" ती म्हणाली.

खरं सांगायचं तर नव्हतं बघितलं. त्याने नर्सला लिहिलं, "मोठा फोटो पाठव. मूळचा." तिने पाठवला. बायकोला घेऊन तो शेजारच्या आपल्या काचेच्या दुकानात गेला, फोटो तिथल्या मोठ्या स्क्रीनवर लावला, डोळ्यांवर चष्मा चढवला, आणि पहिल्यांदाच त्या फोटोकडे विश्लेषक म्हणून नाही तर काचवाला म्हणून बघितलं.

आणि कपाळावर हात मारला. "आई गं! पुट्टी आतून आहे!"

"म्हणजे काय?" बायको म्हणाली.

"अगं, लाकडी चौकटीत काच बसते ती बाहेरून. पुट्टी, म्हणजे काच धरून ठेवणारा तो लगदा, तीही बाहेरूनच. घरात उभं राहिलं तर पुट्टी दिसतच नाही कधी! इथे ही आतून थापलीय. कुठला कारागीर असं करणार? जो बाहेर शिडी लावू शकत नाही तोच. दुसरा मजला आहे हा. हे घरच्या माणसाने बसवलंय!"

आता त्याला सगळंच दिसायला लागलं. सहा तावदानं सहा तऱ्हेची होती. एक हिरवट, एक तपकिरी झाकेचं, एक न्हाणीघरात लावतात तसलं खरबरीत. चौथ्याच्या कोपऱ्यात चित्राच्या चौकटीची सोनेरी किनार चिकटलेली. पुट्टी अजून तेलकट, चकाकणारी. आठवडाभरात ती चकाकी जाते. फुटलेल्या काचा गोळा करून कोणीतरी ही खिडकी नुकतीच भरली होती, आणि हे सगळं फोटोत सकाळपासून लख्ख समोर होतं. साहेबांना तेवढं छप्पर दिसलं!

त्याने नर्सला फोनच लावला. सगळं सांगितलं. खिडकी खरी आहे, नवी आहे, चार-पाच दिवसांतली आहे.

"पण बसवली कोणी, काका?" ती म्हणाली. 'सर'चा काका कधी झाला ते दोघांनाही कळलं नाही. "शेजाऱ्यांनीही बसवली असेल."

"ते कसं सांगू पोरी? हात लहान आहे. पुट्टी अंगठ्याने दाबलीय, पट्टीने नाही. ठसे उठलेत सगळीकडे. आणि..." त्याने चित्र आणखी मोठं केलं. "प्रत्येक ठशात मधोमध एक आडवी रेघ आहे. लावणाऱ्याच्या अंगठ्यावर जुनी चीर असावी."

पलीकडून एकदम रडण्याचा आवाज आला, मग हसण्याचा, मग दोन्ही एकत्र.

"उजव्या अंगठ्यावर," नर्स म्हणाली. "मी सहा वर्षांची असताना पाव कापताना सुरी लागली होती तिला. काका, ती आई आहे! ती माझी आई आहे!"

काचवाल्याच्या बायकोने पदराने डोळे टिपले आणि नवऱ्याच्या पाठीत एक दणका घातला. तो कौतुकाचा होता की सकाळच्या गाढवपणाबद्दल, ते तिने स्पष्ट केलं नाही.

त्याच पावली त्याने गटात लिहिलं, "मी चुकलो. फोटो खरा आहे, ताजा आहे. खिडकी बघायची सोडून मी दुसरंच बघत होतो. त्या मुलीची माफी मागतो." मग जे व्हायचं ते झालं. एका पक्षाने म्हटलं, हा विकला गेला. दुसऱ्याने म्हटलं, हा आधीपासूनच विकलेला होता, आता फक्त उघडा पडला. कोणाला किती पैसे मिळाले यावर वेगळी चर्चा रंगली. हिरवा शिक्का संध्याकाळच्या आत गेला. मेहुणा जिन्यात भेटला तेव्हा तोंड फिरवून निघून गेला. आणि काचवाला? त्याला इतकं हलकं वाटत होतं की डॉक्टरांच्या न्हाणीघराची काच त्याने पुन्हा, फुकट, गुणगुणत बसवली, तीही अगदी बरोब्बर मापाची.

तीन दिवसांनी तिकडचा फोन लागला. नर्सने आईला आणि काचवाल्याला एकत्र जोडलं. आई बोलायची, लेक मधे बसून दोघांना एकमेकांचं सांगायची. म्हातारी निवृत्त शिक्षिका निघाली, गणिताची.

"माझी खिडकी खोटी म्हणणारा तो तूच का?" पहिलंच वाक्य.

"हो, बाई," काचवाला म्हणाला. खुर्चीत बसला होता तो आपोआप उभा राहिला.

"मग सांग, काय चुकलंय तिच्यात?"

काचवाल्याने भीतभीत सांगितलं की काच चौकटीतल्या गाळ्याच्या नेमक्या मापाची नसावी, दोन-तीन मिलिमीटर कमी असावी, नाहीतर लाकूड फुगलं की तडकते. बाई म्हणाल्या, "माप म्हणजे माप. कमी का?" त्यावर वीस मिनिटं वाद झाला. अख्ख्या गटात त्याने इतका चांगला वाद कधी घातला नव्हता. शेवटी बाईंनी मान्य केलं, तेही "तात्पुरतं" म्हणून. मग त्यांनी सांगितलं की ते सोनेरी किनारीचं तावदान त्यांच्या लग्नाच्या फोटोचं. "नवरा चाळीस वर्षं काचेआड होता, आता मोकळ्या हवेत बसलाय. जास्त आनंदी दिसतो." लेक ते सांगता सांगता हसून हसून थांबली, पुन्हा सुरू झाली.

"आणि रंग कधी देऊ?" बाईंनी विचारलं. "निळा डबा आहे माझ्याकडे."

"पुट्टी पक्की वाळू द्या, बाई. चौदा दिवस."

"चौदा?" बाई खळखळून हसल्या. "अरे, गेल्या दीड महिन्यात ही खिडकी चार वेळा फुटली. पुट्टी एकदाही वाळू दिली नाही त्यांनी."

मग बाईंनीच पुढे विचारलं, "तुम्ही तिकडे दिवसभर चर्चा करता म्हणे. कधी संपणार हे सगळं?"

गटात त्याने आजवर सात तारखा दिल्या होत्या. "मला माहीत नाही, बाई," तो म्हणाला.

"शाब्बास," बाई म्हणाल्या. "एकाला तरी बरोबर उत्तर आलं."

त्या दिवसापासून घरात युद्धाची चर्चा बंद आणि पुट्टीची सुरू. बायकोने औषधांच्या दुकानातल्या कॅलेंडरवर चौदा चौकोन आखले आणि रोज सकाळी एक खोडू लागली. गिऱ्हाईकं विचारत, "कोणता कोर्स चाललाय?" सहाव्या दिवशी मेहुणा खाली आला, पाणी पिण्याचं निमित्त करून. पाणी प्यायला आणि म्हणाला, "भाऊजी, कितवा?" नवव्या दिवशी त्या गावावर हल्ल्याची बातमी आली. गटात जल्लोष आणि शिव्या दोन्ही एकदम उसळले, आणि वरच्या मजल्यावरचा कट्टर माणूस तीन पायऱ्या एकदम उतरत खाली आला. "खिडकीचं काय? तिला विचारा ना, खिडकीचं काय?" खिडकी शाबूत होती. मेहुणा तिथेच पायरीवर बसला.

चौदाव्या दिवशी दुपारी फोटो आला. चौकट निळीशार. तावदानं सहाच्या सहा. कुंडीलाही उरलेला रंग फासलेला, आणि खालच्या कोपऱ्यात बाईंचा अंगठा, निळा, आडव्या चिरेसकट.

काचवाला दुकानातून ओरडतच निघाला. औषधांच्या दुकानात शिरला, खोकल्याच्या बाटलीसाठी उभ्या असलेल्या माणसाला बाजूला सारून बायकोला फोटो दाखवला. तिने टाळ्या वाजवल्या. खोकलेवाल्यानेही वाजवल्या. तिथून तो डेपोत गेला. मेहुण्याने फोटो बघितला आणि सुटायच्या बेतात असलेली बस दोन मिनिटं थांबवून ड्रायव्हरला दाखवला.

तिथेच, डेपोच्या फाटकात उभं राहून, काचवाल्याने फोटो 'आघाडीवरून'वर टाकला आणि खाली तीनच शब्द लिहिले, "खिडकीची पुट्टी वाळली."

अकरा हजार माणसांनी फोटो बघितला. मग कोणीतरी विचारलं, "हे कोणाच्या फायद्याचं?"

काचवाला लिहायला लागला, पण मेहुण्याने फोन त्याच्या हातातून काढून घेतला. दहा महिने एकाच बाजूने भांडणाऱ्या त्या माणसाने सावकाश, एकेक अक्षर शोधत उत्तर लिहिलं.

"गणिताच्या बाईंच्या."